पाचची गाडी

१८ नोव्हेंबर २००२, सोमवार

दिवाळीची सुटी संपली. घरचा चिवडा अजून डब्यात आहे आणि मी पुन्हा सकाळच्या गाडीत. हिंगोलीपासून नरसीपर्यंत उभी. तिथे देवदर्शनाची माणसं उतरली की मग बसायला जागा. या वाडीच्या शाळेत पाच वर्षं झाली, तरी गाडीत चढताना रोज वाटतं की हे आता शेवटचं. आपसी बदलीचा अर्ज देऊन दीड वर्ष झालं. हिंगोलीच्या एका बाईंचं सासर नरसीचं, त्यांना इकडे यायचंय. मला तिकडे जायचंय. मियाँ-बीवी राजी आहेत, आमचा काजीच राजी होत नाही.

फाट्यावर उतरले तर आकांक्षा उभी. तिसरीतली, माझ्याच वर्गातली. ही पोरगी रोज सकाळी गाडीला हजर असते. मी उतरले की माझी पिशवी घेते आणि पुढे चालायला लागते, बोलत काही नाही. दोनदा सांगून झालं की पिशवी मला जड होत नाही. काही मुलांना पुढेपुढे करायची खोड असते.

वर्गात निम्मीच पोरं. वस्तीत बांधाबांध चालली आहे. या आठवड्यात ऊसतोडीची टोळी निघणार, आईबापांबरोबर लेकरंही जाणार ती थेट उन्हाळ्यात परत. हे दरवर्षीचंच. पण आज संतराम गुरुजींनी (आमचे मुख्याध्यापक, शाळेत आम्ही दोघंच) चहा ओतता ओतता सांगितलं की पुढच्या महिन्यात तपासणी आहे, साहेब स्वतः येऊन डोकी मोजणार. पट उतरला की एक शिक्षक जादा.

"आणि मॅडम, ज्युनिअर तुम्ही," म्हणाले. वर बशीतला चहा फुंकून प्यायले.

म्हणजे हिंगोली राहिली बाजूला, मला उचलून कुठल्या तरी माळावर टाकणार. आगीतून फुफाट्यात. आज वर्गात तीन पोरांवर उगाच ओरडले.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज शाळेत परदेश आला. हिंगोलीच्या एका संस्थेत वसराम म्हणून कार्यकर्ता आहे, तो जीपमधून एका गोऱ्या मुलीला घेऊन आला. नाव इंगा, देश नॉर्वे. शिक्षिका व्हायचं शिक्षण झालंय, नोकरी धरण्याआधी वर्षभर जग हिंडायला निघाली आहे. नेपाळ झालं, आता पाच आठवडे आमच्या शाळेत फुकट शिकवणार, मग केरळ. गुरुजींनी वसरामला तीनदा विचारलं, "फुकट म्हणजे कसं?" सरपंच सोनाजी पाटील म्हणाले, "गुरुजी, नाव ऐकलं का? तुमाला इंगा दाखवाया आलीय."

मग सत्कार. गुरुजींना सत्कार म्हणजे दुसरा पगार. पाटलांच्या हस्ते शाल, पोलीस पाटलांच्या हस्ते नारळ, सोसायटीचे चेअरमन रुसू नयेत म्हणून त्यांच्या हस्ते आणखी एक शाल. इंगाला वाटे संपलं, ती उठून उभी राही, की पुन्हा बसवत. पोरं उन्हात. शेवटी तिने गळ्यातला हार काढला आणि पुढच्या रांगेत बसलेल्या आकांक्षाच्या गळ्यात घातला. पाटील गुरुजींकडे बघायला लागले. मग पोरांनी टाळ्या वाजवल्या. हाराचा मान असा कुणालाही देतात का? पण परदेशी माणसाला कोण सांगणार.

भाषांतर करायला मला उभं केलं होतं. "वेलकम" म्हटलं आणि पुढचं इंग्रजी घशात अडकलं. ती हसली. मला आवडलं नाही.

शाळेशेजारची रिकामी खोली तिला झाडून दिली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

माझा वर्ग गेला. दोन दिवसांत. तिला मराठीचं अक्षर येत नाही, पोरांना इंग्रजीचं नाही, तरी दिवसभर खिदळणं चाललंय. आज तिने सगळ्यांना ओट्यावर आडवं झोपवलं आणि खडूने एकेकाची आकृती काढली. मग ज्याने त्याने आपल्या आकृतीत डोळे, नाक, दंड, गुडघा लिहायचं. आकांक्षाने 'कोपर' बरोबर लिहिलं. मी महिनाभर शिकवून तिला ते येत नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. अक्षरं मी घासून घ्यायची आणि टाळ्या हिने घ्यायच्या.

पण एक झालं. मधल्या सुटीत पोरं आपसांत बोलत होती. ज्यांना टोळीबरोबर जायचंय त्यातली काही म्हणत होती, "आमी न्हाई जात. गोऱ्या बाईपशी राहतो." आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही पोरं आज्यांपाशी मागे राहिली तर पट राहतो. पट राहिला तर मी राहते, आणि बदलीचा अर्जही जिवंत राहतो.

पाचची गाडी यायच्या आत इंगाला घेऊन वस्तीत चक्कर मारली. घरोघर सांगितलं, परदेशातून बाई आली आहे, असं नशीब पुन्हा येत नाही, लेकरं मागे ठेवा. रत्नपाल आणि शकुंतलाबाई (आकांक्षाचे आईवडील) ऐकून घेत होते. शकुंतलाबाई एकच विचारत राहिली, "ही बाई कवर हाय?"

मी म्हटलं, "आहे हो. परीक्षेपर्यंत आहे."

इंगा शेजारी उभी राहून मान डोलावत होती. तिला काय कळतंय.

आकांक्षाच्या आजीने, रुक्माबाईने, तांब्यातून पाणी आणलं. इंगाने सगळा तांब्या रिकामा केला. माझं पोट नाजूक आहे, मी घरची बाटली बरोबर ठेवते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण घरी सांगता येणार नाही.

सकाळची शाळा सुटल्यावर रत्नपाल बोलवायला आला. त्यांच्याकडे एक रीत आहे म्हणे. टोळी निघताना एखादं लेकरू मागे राहणार असेल, तर ते तसंच सोडून जायचं नाही, कुणाच्या तरी ओटीत घालून जायचं. परत आल्यावर तिथूनच उचलून घ्यायचं. मी विचारलं, आजी आहे ना? रुक्माबाईच म्हणाली, "मला डोळ्यानं दिसंना. माजी ओटी फाटकी झाली, बाई. ओटी धडधाकट पायजे."

चटई टाकली. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, पुढे मेणबत्ती. मला वाटलं इंगाच्या ओटीत घालतील. इंगालाही तसंच वाटलं, ती ऐटीत मांडी घालून बसली. रुक्माबाईने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू पाखरू हायस, माय. आज या झाडावर, उद्या त्या." मग माझ्याकडे वळली. "बाई, तुमी बसा. तुमी बी जाताव, पर येताव तरी."

मी बसले. तो एक कार्यक्रम आहे असं समजून बसले, खरं सांगायचं तर. सत्कारात नारळ घेतो तसं. शकुंतलाबाईने आकांक्षाला माझ्या मांडीवर बसवलं, माझाच पदर ओढून तिच्या डोक्यावर घेतला आणि मूठभर ज्वारी माझ्या ओटीत टाकली. म्हणाली, "म्या घातली. म्याच उचलीन." बायकांनी माना हलवल्या. झालं.

पोरगी हलकी आहे. केसांना खोबरेल तेलाचा वास. ती अजिबात हलली नाही, श्वासही जपून घेत होती. माझ्या मांडीला मुंग्या आल्या तरी मी पाय हलवला नाही, का कोण जाणे.

इंगाने फोटो काढला. आईच्या हाती तो लागला तर काय होईल! आधीच स्थळं येईनात, त्यात लग्नाआधी मुलीच्या ओटीत पोर, आणि तेही वस्तीतलं. बाबा देवळात पुजारी, त्यांची पूजा चुकेल. ज्वारी पाखरांना टाकायची का घरी न्यायची ते कळेना. पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आहे.

२ डिसेंबर, सोमवार

टोळी २४ तारखेच्या रविवारी गेली. मी नव्हते. इंगा म्हणाली, आकांक्षा ट्रकच्या मागे पळाली नाही, बाकीची पळाली.

वर्गात आता बरीच पोरं आहेत. पण मला वैताग आलाय तो वेगळाच. सकाळी फाट्यावरच दुकानदार म्हणाला, "बाई, तुमच्या पोरीनं काल माज्या पोराला चावलं." मला आधी कळेचना, माझी कोण पोरगी. मग सोनाजी पाटलांची सून भेटली. "तुमच्या पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात, बघा जरा." मधल्या सुटीत आणखी कोणी, तिला ताप होता, तिची चप्पल तुटली, ती आज्जीला उलट बोलली. जणू मी बाळंत होऊन आलेय. मी म्हटलं, अहो, मी फक्त शिक्षिका आहे. दुकानदार म्हणाला, "व्हय, पर ओटीत तुमच्याच हाय ना?"

गुरुजींना सांगितलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, "मॅडम, नोकरीत मुरलेली माणसं सत्कार घेतात, लेकरं घेत नाहीत."

उवांचं औषध हिंगोलीहून आणायला हवं. मोंढ्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

५ डिसेंबर, गुरुवार

रुक्माबाई रोज माझ्यासाठी भाकरी पाठवते. आकांक्षा फडक्यात गुंडाळून आणते आणि टेबलावर ठेवून उभी राहते. सोमवारी मी म्हटलं, आज उपास. मंगळवारी म्हटलं, पोट बरं नाही. काल म्हटलं, घरून डबा आणलाय. आज गुरुवार, म्हणजे पुन्हा उपास. ती भाकरी उचलते आणि इंगाच्या खोलीत नेऊन देते. इंगा मिटक्या मारत खाते.

आज जाताना म्हणाली, "बाई, तुमाला लई उपास असतेत."

लहान तोंडी मोठा घास. पण आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून रागवताही येईना.

इंगाला मी काय शिकवते ते बघायचं असतं. आज ती मागे बसून माझे पाढे ऐकत होती. मी एका हाताने फळा, एका हाताने टेबल वाजवत पाढे म्हणून घेते, ती माझी जुनी सवय. तिने विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, कुठे शिकणार, देवळात बाबा आरतीला झांजा वाजवायचे, त्यांच्या मांडीवर बसून. तिने ते डायरीत लिहून घेतलं. मला कसंतरीच झालं. माझ्याकडून शिकण्यासारखं काय आहे? वरवर कौतुक करायची रीत असेल त्यांच्यात.

११ डिसेंबर, बुधवार

तपासणी झाली. साहेबांनी डोकी मोजली, भरली. मग सत्कार, साहेबांचाही आणि पुन्हा इंगाचाही. तिच्याकडे आता इतक्या शाली झाल्या आहेत की खोलीला पडदे शिवता येतील. साहेब भाषणात म्हणाले, सातासमुद्रापलीकडून एक कन्या येते आणि गळती थांबवते, यातून आपल्या शिक्षकांनी बोध घ्यावा. मी बोध घेतला. वस्तीत दारोदार कोण फिरलं, उवा कोण काढतंय, ते भाषणात बसत नसेल.

साहेब जीपमध्ये बसताना बदलीचं विचारलं. "तुम्ही तर चांगलं काम करता. बघू," म्हणाले. 'बघू' म्हणजे काय ते पाच वर्षांत मला कळलंय.

चिडचिड इतकी झाली की पाचची गाडी चुकता चुकता राहिली. आकांक्षाने आधीच पळत जाऊन कंडक्टरला थांबवून ठेवलं होतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

इंगा पुढच्या मंगळवारी चालली. मला माहीत होतं, तरी आज तिने पिशवी काढलेली बघून माझा तोल गेला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, तू गेलीस तर ही पोरं बिथरतील. तुझ्यासाठी थांबलीत ती.

तिचे डोळे मोठे झाले. म्हणाली, "मी तर पहिल्याच दिवशी तारीख सांगितली होती. तूच त्यांना मराठीत सांगितलंस ना?"

मी म्हटलं, "सांगितलं असेल."

तिने पिशवीची चेन ओढली. मग म्हणाली, "आकांक्षाची मला काळजी नाही. ती तर तुझ्यापाशी आहे." आणि तिने दोन्ही हातांनी आपल्या मांडीवर थापटलं. मला तिला समजावून सांगायचं होतं की ती नुसती रीत असते, आपल्याकडे अशा पुष्कळ रीती असतात. पण 'नुसती रीत' याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. गाडीची वेळही झाली होती.

गाडीत खिडकीपाशी बसून विचार करत होते. येतात, पोरांना लळा लावतात, फोटो काढतात आणि जातात. अशा माणसांना पोरांत येऊच देऊ नये. मन लावायचं तर राहायचं, नाहीतर लावायचं नाही. नरसी आल्यावर जागा सोडून एका म्हातारीला बसवलं आणि हिंगोलीपर्यंत उभी आले.

२४ डिसेंबर, मंगळवार

इंगा गेली. सत्कार, शाल, नारळ. ती रडली, पोरं रडली, गुरुजीही रडले. मी रडले नाही, मला सवय नाही. जाताना तिने सगळ्या शाली वस्तीतल्या म्हाताऱ्यांना वाटून टाकल्या. चेअरमनसाहेबांची शाल रुक्माबाईच्या खांद्यावर बघून चेअरमनसाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आकांक्षाही रडली नाही. मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं?"

"जानारच व्हती की."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगंल? तिची पिशवी कवाच भरलेली असती, बाई. खोलीत बघितली म्या. कपडे पिशवीतून काढती, पिशवीतच ठिवती."

आठ वर्षांची पोर, काय काय बघत असते. मी माझी पर्स नकळत घट्ट धरली.

३० डिसेंबर, सोमवार

बदलीचा हुकूम आला!!!

गुरुजींनी हातात ठेवला तेव्हा मला खरंच वाटेना. 'परदेशी स्वयंसेविकेच्या सहकार्याने विद्यार्थ्यांची गळती रोखण्याचा उपक्रम' वगैरे साहेबांनी शेरा मारलाय. म्हणजे ज्या उद्योगाने गळ्यात लोढणं पडलं, त्यानेच सुटका केली. शुक्रवारी इथून मोकळी, सोमवारी हिंगोलीत हजर. घरापासून चालत शाळा!

आईने देवापुढे साखर ठेवली. धाकटा भाऊ अद्वैत म्हणाला, "ताई, आता तुझी स्थळं येतील, आम्ही सुटू." बाबांनी आरती आज मोठ्याने म्हटली.

गुरुजींना बजावलं आहे, पोरांना सांगायचं नाही आणि सत्कार मुळीच नाही. शुक्रवारी नेहमीसारखी पाचच्या गाडीने निघणार. नवीन बाई सोमवारी येतीलच. वर्ग काही उघडा पडत नाही. पोरं चार दिवसांत विसरतात. मी स्वतः किती मास्तर-बाई विसरले आहे.

झोप लागत नाहीये. आनंदाने असेल.

२ जानेवारी २००३, गुरुवार

आज फाट्यावर उतरल्यावर आकांक्षाला सहज विचारलं, "तू रोज गाडीला का येतेस गं?"

"बघाया."

"काय बघायला?"

"तुमी उतरल्या का न्हाई ते."

"आणि नाही उतरले तर?"

तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "एकदाबी तसं झालं न्हाई." आणि पुढे चालायला लागली.

वर्गात मन लागलं नाही. पाढे घेताना सतराच्या पाढ्यात मीच चुकले. पोरांनी दुरुस्त केलं आणि मला हसली. दिवसभर काही ना काही आवरत राहिले, खडूचे तुकडे, कपाट, नकाशे. आवरून काही होत नव्हतं.

भाकरी आली. मी म्हटलं, आज गुरुवार. ती म्हणाली, "म्हाईत हाय," आणि भाकरी टेबलावर ठेवून गेली. इंगा नाही, आता नेऊन कुणाला देणार. मी ती फडक्यासकट कपाटात ठेवली. टाकवेना.

४ जानेवारी, शनिवार

काल गुरुजींनी घात केला. सत्काराची खाज माणसाला गप्प बसू देत नाही. दुपारी साडेतीनला बघते तर खुर्च्या मांडलेल्या, पाटील आलेले, शाल, नारळ. म्हणाले, "मॅडम, पाच वर्षांची सेवा, रिकाम्या हाताने कसं पाठवू?" आणि पोरांसमोर भाषण. मी खाली मान घालून शाल घेतली. मान वर केली तेव्हा आकांक्षा तिच्या जागेवर नव्हती.

पाचला फाट्यावर गेले. पिशवी स्वतःच नेली. जड होती.

गाडी अजून यायची होती. तेवढ्यात वस्तीकडून रुक्माबाई आली, आकांक्षाचा हात धरून. पोरीचं तोंड धुतलेलं, केस ओले करून विंचरलेले, इंगाच्या निरोपाला घातलेला फ्रॉक अंगात. म्हातारी धापा टाकत होती. मला वाटलं आता रडतील, बोल लावतील. मी मनात उत्तरं जुळवली होती, नोकरी आहे, हुकूम आहे, माझ्या हातात काय आहे.

रुक्माबाईने बोल लावला नाही. ती रस्त्याच्या कडेला मातीत बसली आणि पदर पसरला.

"तुमी जाताव तर जा, बाई. तुमची बी जिंदगी हाय. पर पोरगी तुमच्या ओटीत हाय. ती तशीच घेऊन कशा जाताव? माज्या ओटीत परत घाला, मंग जा."

"अहो, तुमची ओटी..."

"फाटकी हाय. करता काय? कुनाच्या तरी ओटीत तर पायजे लेकरू."

गाडी आली. दुकानदार, कंडक्टर, चार बायका, सगळे बघत होते. मी आकांक्षाला काखेत हात घालून उचललं. दीड महिन्यात वजन वाढलंय तिचं. तिने अंग चोरलं नाही, गळ्याला मिठी मारली नाही. मला सोपं जावं म्हणून तिने पाय पोटाशी घेतले, आणि माझ्या कानाशी म्हणाली,

"बाई, लौकर करा. गाडी निघंल."

मला काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. संताप आला. कुणाचा, माहीत नाही. मी तिला तशीच धरून रुक्माबाईवर ओरडले, "तुम्ही कोण परत घेणाऱ्या? ओटीत तुम्ही घातली होती का? शकुंतलाबाईने घातली. 'म्या घातली, म्याच उचलीन,' असं ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. मग? तिची पोर मी तिलाच देणार. भलत्याच्या ओटीत कशी घालू?"

कंडक्टर म्हणाला, "ओ बाई, येताव का बेल मारू?"

"मारा!" म्हटलं.

गाडी गेली. माझी पिशवी रस्त्यावर, शाल पिशवीवर. आता काय करायचं ते मला माहीत नव्हतं. शेवटची गाडी तीच. रुक्माबाई पदर झटकून उठली आणि वस्तीकडे चालू लागली. आम्ही दोघी मागे. पोरगी माझ्या कडेवरच होती. एवढी मोठी पोर, लोक हसले असतील.

घसा कोरडा पडला होता. बाटली गाडीची वाट बघताना संपली होती. रुक्माबाईच्या दारात मी तांब्या मागितला. म्हातारी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग आत गेली. पाणी गार होतं. मी सगळं प्यायले.

भाकरी आणि ठेचा वाढला तेव्हा आकांक्षा समोर बसून म्हणाली, "बाई, आज उपास न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "गप जेव."

ठेचा भयंकर तिखट होता. डोळ्यांतून इतकं पाणी येत होतं की समोरचं ताट दिसेना. ठेच्यानेच.

इंगाच्या खोलीत झोपले. पोलीस पाटलांच्या फोनवरून घरी कळवलं, गाडी चुकली. आई म्हणाली, "जेवलीस कुठे?" मी म्हटलं, "घरी."

५ जानेवारी, रविवार

काल दुपारी हिंगोलीला आले. आईशी भांडण झालं, बाबांशी अबोला. हुकूम रद्द करायचा अर्ज लिहिलाय. साहेब काय म्हणतील देव जाणे. त्या दुसऱ्या बाईंना निरोप दिलाय, साहेबांचं उत्तर येईपर्यंत आपण आपापल्या जुन्याच शाळेत; त्या तर मला शिव्याच घालतील, आणि त्यांचं चूक नाही.

मी काही संत नाही. मला अजूनही जायचंय. मेमध्ये टोळी परत आली की शकुंतलाबाईसमोर बसेन, मांडी घालून, तिची पोर तिला देईन, आणि मग पुन्हा अर्ज करीन. तोवर ते गाडीत उभं राहणं, त्या उवा, तो दुकानदार. विचार केला तरी जीव वैतागतो. पर्समधली ज्वारी मात्र काढून डब्यात ठेवली आहे. सांडली तर काय उत्तर देणार?

६ जानेवारी, सोमवार

सकाळच्या गाडीने गेले. फाट्यावर उतरले तर आकांक्षा नाही. पाच वर्षांत नाही तेवढा माझा जीव घाबरा झाला. ताप आला? म्हातारीला काही झालं? कुणी तिला टोळीकडे तर पाठवलं नाही? पिशवी घेऊन जवळजवळ धावतच शाळेत पोहोचले.

ती वर्ग झाडत होती.

"काय गं? फाट्यावर का नाही आलीस?"

तिने झाडू थांबवला नाही. "काहून येऊ? तुमी तर येनारच की."